निजायची वेगळी खोली

मेहता आला तेव्हा घरात पुरुषमाणूस नव्हतं. राघोबांचं वर्षश्राद्ध होतं. दोघे मुलगे, पंढरी आणि गोपीनाथ, भटजींबरोबर तळ्यावर गेलेले. थोरली सून तुळसा ओटीवर बसून केळीची पानं पुसत होती. टेंभी नाक्याकडून एक उंच पगडीवाला माणूस छत्री टेकत येताना तिला दिसला. तो प्रत्येक दारात डोकावत होता. तुळसाने पदर सावरला.

"गोपीनाथ राघो भोईर इथेच राहतात?"

"घर त्यांचंच हाय. नोकरी मुंबैला. तुमी कोन?"

"मी गिरगावातून आलो. शेठच्या चाळीचा मेहता. भोईर आमच्याकडे जागा मागताहेत. त्यांची चौकशी करायची आहे."

तुळसाने हातातलं पान तसंच खाली ठेवलं आणि आत हाक मारली, "आत्याबाय, जरा भायेर या गो!"

सखुबाई बाहेर आली. राघोबांची ही बालविधवा बहीण. भावजय गेली तेव्हा गोपीनाथ पाळण्यात होता. त्याला आणि पंढरीला तिनेच वाढवलं, आणि राघोबा गेल्यापासून घरात शब्दही तिचाच चाले. बाहेर ती आळीची सुईण होती. तिने मेहत्याला घोंगडी टाकून दिली, पाणी दिलं, आणि स्वतः दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"जागा कसली? तो तर तिथं कचेरीतल्या चौघांबरोबर ऱ्हातो. शनवारी घरी येतो."

"तेच तर," मेहता म्हणाला. "आता त्यांना बिऱ्हाड करायचंय. दोन खोल्या. पुढे चूल आणि बसाउठायला, मागे निजायची वेगळी खोली. तिला दार पाहिजे, दाराला आतून कडी पाहिजे, खिडकी पाहिजे. चाळीत एका खोलीत आठ-आठ माणसं राहतात, बाई. भाडं ऐकून लोक जिन्यावरून परत जातात. आणि एका कारकुनाला निजायला वेगळी खोली कशाला, हे मला कळेना. म्हणून आलो."

"त्यानं काय सांगितलं?"

"बायकोला आणणार म्हणाले." मेहत्याने आवाज उतरवला. "राग मानू नका. पण मुंबईत हल्ली कुणीही कुणालाही बायको म्हणून आणतो. गेल्या साली आमच्याकडे एकजण असाच सज्जन दिसणारा आला. सहा महिन्यांनी खरी बायको गावाहून आली, आणि सगळ्या चाळीने तमाशा बघितला. तेव्हापासून घर आणि बायको डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी चावी देत नाही."

आतल्या दारामागे बांगड्या वाजल्या. धाकटी सून गोदा तिथे उभी होती, हे तुळसाने ओळखलं.

"बायको हाय त्याला," सखुबाई म्हणाली. "पन बिऱ्हाडाचं आमाला कायबी ठाव नाय."

मेहत्याने मान हलवली. त्याच्या मनात आलेलं खरं ठरल्यासारखी ती हलली. "चेंदणीला माझे एक ओळखीचे आहेत, तिथे जाऊन येतो. दुपारच्या गाडीने मला परतायचंय. त्याआधी कर्त्या माणसाने हो म्हटलं तर जागा तुमची. नाहीतर उद्या दुसरा येईल. रोज चार माणसं विचारून जातात."

तो गेला. तुळसा पानं उचलून आत आली तेव्हा गोदा चुलीपुढे बसलेली होती. खीर ढवळत होती, पण पळी एकाच जागी फिरत होती.

"तुला ठाव व्हतं?" तुळसाने विचारलं.

"नाय."

"खोटं नको बोलू गो. नवरा बिऱ्हाड करतो नि बायकोला ठाव नाय? आमी काय तुला खायला घालत नाय इथं? सासू नाय, सासरा गेला. आता जाऊबी नकोशी झाली?"

"जाऊबाय, शपथ. मला कायबी बोलले नाय ते."

तुळसाने तिच्याकडे नीट बघितलं. गोदाचा चेहरा पांढराफटक पडलेला. खोटं बोलणारीचा चेहरा असा होत नाही. आणि मग तुळसाच्या मनात दुसराच विचार आला, आणि तो आल्यावर तिचा आवाज आपोआप मऊ झाला.

"मंग कुनाला नेतोय तो तिथं?"

हाच प्रश्न गोदाला दारामागे उभी असताना पडला होता. तिची दोन मुलं गेली होती. दोन्ही मुलगेच, दोन्ही बाळंतिणीच्या खाटेवर. आधी अंगावर ओढेनासे झाले, मग जबडा मिटला, मग अंग धनुष्यासारखं ताठलं. दुसऱ्याच्या वेळी डोंबिवलीहून तिची आई आलेली. ती जाताना म्हणाली होती, नवऱ्याला धरून ऱ्हा, पोरी. असं झालं की पुरुष दुसरी आणतात नि कुणी त्यांना नावं ठेवत नाय.

आणि आता गोदाला पुन्हा दिवस गेले होते. तिने ते कुणालाही सांगितलं नव्हतं. महिन्याच्या महिन्याला ती नेहमीसारखी बाजूला बसत होती, खोटीच. पहिल्या दोन्ही वेळी सगळ्या आळीला आधीच कळलेलं, आणि तुळसाची नजर तिच्या पोटावरून हटत नसे. तुळसाची चारही मुलं जगली होती. नजर कधी लागेल ते सांगता येत नाही. या वेळी पोट दिसेपर्यंत बोलायचं नाही, नवऱ्याशीही नाही, असं तिने ठरवलं होतं. आता नवराच काही बोलला नव्हता.

भाऊ तळ्यावरून परतले. तुळसाने पंढरीला बाजूला घेऊन मेहत्याचं सगळं सांगितलं. भटजी जेवून दक्षिणा घेऊन गेले. नंतर दोघे पानावर बसले, तेव्हा सखुबाईने वाढता वाढता सरळ विचारलं.

"गोप्या, गिरगावातला मेहता आलेला. तू जागा बघितलीस?"

गोपीनाथचा घास हातात राहिला. मेहता ठाण्याला येईल असं त्याला वाटलं नव्हतं. तो आठवडाभर त्या माणसाच्या मागे लागला होता. त्याआधी तीन चाळींनी नाही म्हटलेलं. एकाने जात विचारली आणि मिठागरवाला म्हटल्यावर वर जायच्या जिन्याला हात लावू दिला नाही. हा चौथा. हातात चावी आल्यावरच घरी बोलायचं, असं त्याने ठरवलं होतं, आणि तेव्हाही काय बोलायचं ते त्याला अजून सुचलं नव्हतं.

"बघितली," तो म्हणाला. "जाण्यायेण्याचे हाल होतात, आत्या. खाणावळीचं जेवण सोसत नाही."

"खानावळ बदल मंग," पंढरी म्हणाला. "दोन खोल्या कशाला?"

"बिऱ्हाड म्हणजे दोन खोल्या लागतात, दादा."

"बिऱ्हाड!" पंढरीने पान पुढे सारलं. "बापसाला जाऊन वरीस झालं आज. आज! नि तुला वेगळं व्हायचंय. आधी वेगळी चूल, मंग वाटनी. सरळ बोल ना. कोपरीच्या मिठागरातला अर्धा हिस्सा पायजे ना तुला?"

"मला मिठागरातलं काही नको."

"असं सगळेच बोलतात."

"दादा, तुझ्या तोंडावर सांगतो, भटजींसमोर सांगायचं तर तसं सांगतो. मिठागर तुझं. तू राबतोस तिथे. मला त्यातली मूठभर मातीही नको."

पंढरीचे खांदे सैल झाले. दाराशी उभ्या असलेल्या तुळसाने ते बघितलं. इतक्या लवकर याला बरं का वाटलं? महिनाभर एक व्यापारी कल्याणहून येत होता आणि पंढरी त्याला ओटीवर न बसवता बांधावरच बोलून परत पाठवत होता. कशाबद्दल बोलतात असं विचारलं की अंगावर येत होता. नवऱ्याने भावाच्या पाठीमागे मिठागराचं काहीतरी केलंय, हे त्या क्षणी तिला कळलं. भांडणात ती आतापर्यंत ज्या बाजूला होती, तिथून तिचं मन उठलं.

"मंग वाटनी नको तर काय पायजे?" पंढरीचा आवाज पुन्हा चढला. "मेहता इथं येऊन आमाला बोलून गेला, बायको खरी हाय का बघायला आलोय म्हनून! आज बापसाच्या दिवशी! निजायला येगळी खोली, आतनं कडी. कोन हाय ती?"

"दादा!"

"नाव सांग तिचं."

"अशी कुणी नाही."

"मंग गोदाला का सांगितलं नाय?" हे तुळसा बोलली. दिराशी ती अशी कधी बोलली नव्हती. "भावजी, तिला विचारलं मी. तिला कायबी ठाव नाय. बायकोला नेनार तर बायकोला नको सांगायला?"

गोपीनाथने आत बघितलं. गोदा चुलीपाशी उभी होती, डोक्यावरून पदर घेऊन. थोरल्या दिरासमोर ती कधी मोठ्याने बोलत नसे. आता बोलली.

"दुसरी आनायची असंल तर आना. मी आड येनार नाय. पन मला डोंबिवलीला नेऊन सोडा आधी. इथं बसून मला ते बघवनार नाय."

गोपीनाथ उठला, हात न धुता तसाच तिच्याकडे दोन पावलं गेला आणि थांबला, कारण मध्ये सखुबाई उभी होती, हातात भाताचं भांडं घेऊन.

"बोल," ती म्हणाली. "मीबी ऐकते."

"तुझ्यासमोर नाही बोलता येत, आत्या."

"का?"

"नको विचारूस."

"तुजं टोपडं बांधलं मी. तुझी आय गेली तवा रात रात छातीशी घेऊन बसले. माज्यासमोर बोलता येत नाय असं तू काय केलंस?"

"मी नाही," गोपीनाथ म्हणाला, आणि जे मागे घेता येत नाही ते त्याच्या तोंडून गेलं.

सखुबाईने भांडं खाली ठेवलं. "सांग."

त्याने सांगितलं, खाली बघत, तुटक तुटक. दुसरं मूल गेल्यावर तो मुंबईत एका इस्पितळात गेला होता. तिथे बायकांना बघणारी मडम डॉक्टरीण होती. कचेरीतल्या मोठ्या कारकुनाने गाठ घालून दिली. तिने सगळं विचारून घेतलं: मूल कधी ओढेनासं झालं, जबडा कधी बसला, ताठलं कधी. मग विचारलं, नाळ कशाने कापली, त्यावर काय लावलं. त्याने जे बघितलं होतं ते सांगितलं. ती म्हणाली, हे नजरेचं नाही, ग्रहाचं नाही, बाईच्या दुधाचं नाही. ते विष नाळेतून आत जातं. दोघांचं तसंच झालं. पुढच्या वेळी बाईला पहिल्यापासून जवळ आणून ठेव, बाळंतपण इस्पितळात होऊ दे. आणि नंतर तिला आणि मुलाला ठेवायला स्वच्छ खोली हवी. धूर नको, गर्दी नको, येणाऱ्या-जाणाऱ्याचे हात नकोत.

"म्हणून निजायची वेगळी खोली," तो म्हणाला. "म्हणून."

पंढरी पानावरून उठला आणि त्याने भावाची गचांडी धरली. "आत्यानं मारलं म्हनतोस? माज्या पोरांना कुनी जन्माला घातलं? तुला कुनी? आळीतली निम्मी पोरं हिच्या हातची, नि ती गोरी बाय बघितल्याबिगर सांगते, आत्यानं मारलं?"

"मारलं असं नाही म्हटलं मी."

"मंग काय म्हटलंस?"

"सोड त्याला," सखुबाई म्हणाली.

"आत्या, तू मधी पडू नको."

"पंढरी, सोड म्हनते ना."

त्याने सोडलं. सखुबाई जमिनीवर बसली. सगळ्यांना वाटलं ती आता रडेल, छाती बडवील, शाप देईल. तुळसा तर तिला धरायला पुढेही झाली. पण तिने फक्त विचारलं, "नाळ कापायचं काय म्हनाली ती? नीट सांग."

"उकळलेल्या पाण्यातून काढलेली कात्री. दुसऱ्या कशाला न वापरलेली."

"नि लावायला?"

"काही नाही. धुतलेलं फडकं. राख नको, शेण नको."

"हात?"

"साबणाने. आधी आणि नंतर. एका घरातून दुसऱ्या घरी जाताना तर नक्की."

सखुबाईने मान डोलावली. मग ती उठून मागच्या परसात गेली आणि विहिरीच्या कठड्याला हात टेकून उभी राहिली.

कुठल्या वेळी हात धुतले होते, ते तिला आठवत होतं, पण सगळं नाही. पहिल्याच्या वेळी घरात माणूस नव्हतं. मिठागरावर रास ओढायचे दिवस होते, ती स्वतः बांधावरून धावत आलेली. दुसऱ्याच्या आदल्या दिवशी ती एका गाभण म्हशीपाशी बसलेली होती. तुळसाच्या वेळी? तुळसाच्या वेळी घाई नव्हती. मडम बाईला काय ठाऊक, असं म्हणायला तोंड उघडलं तर कुणीही तिच्या बाजूने उभं राहिलं असतं. पंढरी राहिलाच होता. पण आळीतल्या आणखी दोन घरांतली दोन मुलंही अशीच ताठून गेली होती, आणि ती गोपीनाथला ठाऊक नव्हती.

आत तुळसा गोदाला धरून बसली होती. "रडू नको गो. दुसरी नाय आनत तो." आणि मग हळूच, फक्त तिला ऐकू जाईल असं, "माज्या नजरंचं वाटलं ना तुला? मला कळायचं तवा." तुळसाने हात काढून घेतला नाही.

मेहता उन्हं कलायच्या आत परतला. पंढरी ओटीवर बसला होता, त्याने त्याला पाणीही विचारलं नाही.

"काय ठरलं, भोईर?"

"आमचा त्या जागेशी संबंध नाय. त्याचं तो बघंल."

मेहत्याने छत्री उचलली. "मग मला जास्त विचारायला नको. घरच्यांनीच हात झटकले."

"थांबा," सखुबाई म्हणाली. ती परसातून आलेली, हातपाय धुऊन, तोंड पुसून. "त्याच्या बापाची भन मी. या घरात मी मोठी. मला विचारा."

पंढरी उठून उभा राहिला. गोपीनाथ दारात होता. तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

मेहता पुन्हा टेकला. "बायको खरी?"

"गोदे, पुढं ये. ही. डोंबिवलीची. लग्न याच ओटीवर लागलं, शेजारनीला विचारा."

"मासळी शिजवायची नाही. वरच्या मजल्यावर शेठची बहीण राहते."

"नाय शिजवनार."

गोपीनाथने मान डोलावली. खाडीकाठच्या माणसाला ते किती जड होतं, हे मेहत्याला कळायचं कारण नव्हतं.

"हे दिवसभर कचेरीत. बाई एकटी? चाळीत एकट्या बाईमाणसावरून फार बोलतात. घरातलं मोठं कुणी राहणार?"

पंढरी म्हणाला, "आमच्या घरातलं कुनी जानार नाय."

"आणि आणखी एक," मेहता म्हणाला. "बाईला दिवस नाहीत ना? शेठचं स्पष्ट म्हणणं आहे, चाळीत बाळंतपण नको. बाळंतीण, सुईण, रडारड, आणि काही बरंवाईट झालं तर सगळ्यांना विटाळ."

"नाहीत," गोपीनाथ म्हणाला. त्याने मनापासून सांगितलं.

"हायेत," सखुबाई म्हणाली.

गोदाने वर बघितलं. तिच्या हातातला पदर सुटला.

"तिसरा म्हयना चालू हाय," सखुबाई मेहत्याकडे बघूनच बोलत होती. "मी सुईन हाय, मला कळतं. तिनं सांगितलं नाय, पन तिच्या चालन्यावरून कळतं. पन ऐका, मेहताजी. तुमच्या खोलीत बाळंतपन होनार नाय. इस्पितळात होनार. तिथं मडम डॉक्टरीन हाय. खोलीत नुसती निजायला येईल ती, पोर घेऊन. हा माजा शब्द."

मेहता तिच्याकडे, मग गोदाकडे, मग गोपीनाथकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत भाडेकरूंनी त्याला पुष्कळ खोटं सांगितलं होतं, पण जागा जाईल असं खरं कुणी सांगितलं नव्हतं. "आणि सोबतीला?" त्याने विचारलं.

"मी जाईन."

"आत्या!" पंढरी ओरडला.

"तू मिठागर बघ तुजं," ती म्हणाली. "नि त्या कल्यानच्या वाण्याचं काय ते भावाला आजच सांग. मी डोळे मिटलेले नाय अजून."

पंढरी खाली बसला. तुळसा दारातून आत वळली, कारण नवऱ्याचा चेहरा तिला बघायचा नव्हता.

मेहत्याने कनवटीची चावी काढली, थोडा वेळ हातात खेळवली आणि शेवटी गोपीनाथच्या हातात दिली. पहिल्या तारखेला कचेरी सुटल्यावर येऊन भेटा म्हणाला, मासळीचं पुन्हा एकदा बजावलं, आणि स्टेशनाच्या रस्त्याला लागला.

गोपीनाथ तसाच उभा होता. बायकोकडे बघावं की आत्याकडे, हे त्याला कळत नव्हतं. गोदा आत गेली होती. तुळसाने तिच्यापुढे पान मांडलं होतं आणि बायकांत सगळ्यांच्या आधी जेव म्हणून तिला दटावत होती.

"आत्या," तो शेवटी म्हणाला, "तू येऊ नकोस. लोक काय म्हणतील? सुईणीला सोबत नेलं नि बाळंतपण दुसऱ्याच्या हातचं केलं. तुझ्या जिवाला लागेल."

"लागंल."

"मग कशाला येतेस?"

सखुबाईने ओटीवरची घोंगडी झटकली आणि घडी घालून बाजूला ठेवली.

"तुजा माज्या हातावर भरवसा नाय, ते बराबर हाय," ती म्हणाली. "माजा त्या मडमेच्या हातावर नाय. आत नाय येनार मी. दारात बसेन. पन सगळ्यांना हात धुवायला सांगते ती स्वता धुते का, ते बघायला कुनीतरी पायजे ना?"